फॅन फुल स्पीडला अडकला म्हणजे कार्ड गेलं नाही! एका तक्रारीतून रिपेअरिंगचा धंदा कसा उभा राहतो



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या धंद्याबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून एक तक्रार इथे पूर्ण उलगडून सांगतो: "ग्राफिक्स कार्डचा फॅन फुल स्पीडने फिरतोय, थांबतच नाही." ही एक तक्रार नीट हाताळता आली ना, तर रिपेअरिंगच्या धंद्याचं अर्धं शिक्षण झालं समजा.

उदाहरणासाठी आपण बोईसर-नवापूरचा पट्टा घेऊ. तारापूर एमआयडीसी, नवापूरचा समुद्र आणि बोईसरची बाजारपेठ, सगळं याच पट्ट्यात. इथे ग्राफिक्स कार्ड कोणाकडे असतं? फक्त गेम खेळणाऱ्या पोरांकडे असतं असं समजू नका. फॅब्रिकेशनची ड्रॉइंग करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, फ्लेक्स आणि बॅनर डिझाइन करणारे, या सगळ्यांचं पोट त्या कार्डावर आहे. त्यांच्यासाठी मशीन बंद म्हणजे दुकान बंद. म्हणून हे गिऱ्हाईक घाबरलेलं येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "भाऊ, कार्ड गेलं का?"

इथे बरेच नवीन दुकानदार चटकन बोलून मोकळे होतात, "हो, गेलं. नवीन टाका." वीस हजारांचं कार्ड विकायची संधी दिसते ना! पण तेच कार्ड दुसऱ्या दुकानात पाचशे रुपयांत सुरू झालं, तर ते गिऱ्हाईक गेलं आणि जाताना आणखी दहा जणांना सांगून गेलं. बोईसर एवढं मोठं नाही की ही गोष्ट लपून राहील.

फॅन फुल का फिरतो? आधी हे समजून घ्या

आपली डहाणू लोकल आठवा. गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब असतो, तोवर ब्रेक सुटलेले राहतात. पाइप तुटला, साखळी ओढली, हवा निघून गेली की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे काही बिघडलं तर गाडी धावण्याऐवजी थांबावी, अशी मुळातच रचना आहे.

ग्राफिक्स कार्डाचा फॅनही याच विचाराने बनवलेला असतो. आजकालच्या फॅनला चार वायरी असतात. एक १२ व्होल्टची, एक ग्राउंड, एक फॅन किती वेगाने फिरतोय ते कार्डाला कळवणारी आणि चौथी "एवढ्या वेगाने फिर" असा हुकूम देणारी. या चौथ्या वायरीला पीडब्ल्यूएम म्हणतात. हुकूम येईनासा झाला की फॅन बंद पडत नाही, तो फुल स्पीडला जातो. कारण आवाज झाला तर कान दुखतील, पण फॅन थांबला तर कार्ड जळेल.

उलटं झालं तर काय होतं, तेही बघा. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ नंबरचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यात फॅन कंट्रोलची गडबड होती आणि कार्डं तापत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या क्रिमसन सॉफ्टवेअरनंतर काही लोकांचे फॅन कमी वेगालाच अडकले, कंपनीला घाईने दुरुस्ती काढावी लागली. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, नुसत्या सॉफ्टवेअरनेही फॅन बिघडू शकतो. दुसरी, ओरडणारा फॅन हा गप्प बसलेल्या फॅनपेक्षा कधीही बरा.

म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं पहिलं वाक्य हे: "दादा, फॅन फुल फिरतोय म्हणजे कार्ड स्वतःला वाचवतंय. का वाचवतंय ते आपण शोधू."

स्क्रू ड्रायव्हरच्या आधी प्रश्न: आवाज कधी सुरू होतो?

मित्रांनो, डॉक्टर ताप मोजायच्या आधी विचारतो, "कधीपासून येतोय?" तसंच आपलं. जॉब कार्डवर पहिल्याच ओळीत लिहा: आवाज केव्हा सुरू होतो. उत्तर या पाचपैकी एक असतं, आणि प्रत्येक उत्तर वेगळ्या जागी बोट दाखवतं.

१. बटण दाबल्यापासून फुल, स्क्रीनवर चित्र येतं. संशय फॅनच्या वायरीवर, कनेक्टरवर किंवा कार्डाच्या फॅन कंट्रोलवर. बटण दाबल्यावर पहिली काही सेकंद फुल फिरून शांत होत असेल, तर तो बिघाड नाही. बऱ्याच कार्डांची ती सवयच असते.

२. बटण दाबल्यापासून फुल, आणि स्क्रीन काळी. आधी कार्डाला जाणारी सहा किंवा आठ पिनची वीज बघा. ती वायर लावायची राहिली किंवा सैल झाली की अनेक कार्डं असंच करतात. नंतर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का ते बघा. टेम्पोतून किंवा बाइकवरून मशीन आणलं की कार्ड हलतंच.

३. विंडोज सुरू झाल्यावर फुल. इथे संशय सॉफ्टवेअरवर. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा कार्ड कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, कोणीतरी फॅन १०० टक्क्यांवर लावून ठेवलेला असतो. कधी दोन सॉफ्टवेअर एकाच फॅनवर हुकूम चालवत असतात.

४. काम सुरू केलं की फुल, काम थांबलं की कमी. म्हणजे फॅन बरोबर वागतोय, कार्ड खरंच तापतंय. धूळ, सुकलेली पेस्ट, किंवा दोनपैकी एक फॅन बंद पडलाय आणि दुसरा त्याचंही काम करतोय.

५. काम चालू असताना अचानक स्क्रीन काळी, फॅन फुल. हे सगळ्यात गंभीर. कार्ड काम करता करता कोलमडलंय. एसएमपीएस, वीज वायर, कार्डाची मेमरी किंवा कार्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग, सगळं तपासावं लागतं.

बघा, अजून मशीन उघडलंही नाही आणि अर्धा शोध संपला!

दुसरी पायरी: हुकूम कोणाचा?

मशीनवर चित्र येत असेल तर जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि सेन्सर्सचं पान उघडा. तिथे तीन आकडे बघायचे: तापमान, फॅन किती टक्के, आणि फॅनचा आरपीएम.

तापमान साधारण, फॅन दाखवतोय ३५ टक्के, पण कानाला आवाज फुल? म्हणजे कार्ड हळू फिर म्हणतंय आणि फॅन ऐकत नाहीये. हुकमाची वायर तुटली असेल, कनेक्टर सैल असेल, किंवा कोणीतरी चुकीचा फॅन बसवलेला असेल. दुरुस्ती स्वस्तात होते.

फॅन १०० टक्के दाखवतोय, तापमान मात्र कमी? म्हणजे हुकूमच चुकीचा जातोय. सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा कार्डाचा बायोस. काही कार्डांवर छोटा स्विच असतो, एका बाजूला एक बायोस, दुसऱ्या बाजूला दुसरा. मशीन पूर्ण बंद करून तो स्विच बदलून बघा. एक रुपया खर्च नाही.

फॅन १०० टक्के आणि तापमानही ८०च्या वर? मग कार्ड खरं बोलतंय. कुलिंगकडे वळा.

आरपीएम शून्य दाखवतोय, फॅन मात्र डोळ्यांसमोर गरगर फिरतोय? वेग कळवणारी वायर तुटली. काही कार्डं मग फॅन अडकलाय असं समजून फुल स्पीडचा हुकूम सोडतात.

पण एक सावधगिरी. सॉफ्टवेअरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' हा गेम खेळताना ईव्हीजीए कंपनीची काही आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली. लोकांनी फॅन कंट्रोलरला दोष दिला, कारण सॉफ्टवेअरमध्ये फॅनचे विचित्र आकडे दिसत होते. कंपनीने तपासल्यावर कारण निघालं सोल्डरिंगचं, आणि ते आकडे सॉफ्टवेअर चुकीचे वाचत होतं. म्हणून आकडा बघा, मग कानाने ऐका, डोळ्याने बघा, आणि तिन्ही जुळले तरच निदान लिहा.

तिसरी पायरी: स्वस्तापासून महागाकडे

आता काम सुरू. क्रम मोडायचा नाही.

पहिलं, कोणता फॅन ओरडतोय ते पक्कं करा. कॅबिनेट उघडा आणि बघा. प्रोसेसरचा फॅन किंवा एसएमपीएसचा फॅन ओरडत असतो आणि गिऱ्हाईक बिचारं ग्राफिक्स कार्डाला दोष देत असतं.

दुसरं, सॉफ्टवेअर. फॅनशी संबंधित सगळी सॉफ्टवेअरं काढा. नंतर विंडोज सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि कार्ड कंपनीच्या साइटवरून नवीन टाका. इथपर्यंत फक्त तुमचा वेळ गेला.

तिसरं, वीज. मशीन बंद करा, प्लग काढा, कार्डाच्या वायरी काढून परत घट्ट लावा. दोन गोष्टी कधीही करू नका. प्रोसेसरसाठीची आठ पिनची वायर ग्राफिक्स कार्डात जोर लावून घालू नका, तिची जोडणी वेगळी असते. आणि वायरी सुट्या निघणाऱ्या एसएमपीएसमध्ये दुसऱ्या कंपनीची वायर लावू नका. टोक सारखं दिसतं, आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग कार्ड, हार्ड डिस्क सगळं एका क्षणात जाऊ शकतं. गिऱ्हाइकाचं पाच वर्षांचं काम त्या डिस्कमध्ये असतं, हे विसरू नका.

चौथं, सफाई. नवापूरच्या किनाऱ्याजवळच्या घरातलं मशीन उघडा आणि शहरातलं उघडा, फरक लगेच कळेल. खाऱ्या, दमट हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते. कनेक्टरच्या पिना काळपट, हिरवट पडतात आणि वायर जागेवर असूनही सिग्नल जात नाही. अशा वेळी फॅन बदलायच्या आधी कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून, वाळवून परत लावा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

पाचवं, फॅन. तुमच्याकडे चांगला, तपासलेला, त्याच जोडणीचा फॅन असेल तर लावून बघा. शांत झाला तर दोष फॅनमध्ये. तरीही फुल, तर दोष कार्डात. वायरीच्या रंगावर जाऊ नका. कार्डांवर अनेकदा चारही वायरी काळ्याच असतात. जुना फॅन काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, नवीन फॅन त्याच मॉडेल नंबरचा मागवा.

सहावं, पेस्ट आणि पॅड. पेस्ट बदलणं सोपं, पण थर्मल पॅडची जाडी मोजल्याशिवाय हात लावू नका. पॅड जास्त जाड लागला तर हीटसिंक चिपला नीट टेकतच नाही आणि आधी तापायचं त्यापेक्षा जास्त तापतं. स्क्रू आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

एवढं करूनही फॅन फुलच, तर विषय कार्डावरच्या सर्किटचा. हे चिप लेव्हलचं काम. शिकलेला नसाल तर हीट गन उचलू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या भागात हे काम करणारे आहेत. त्यांच्याशी संबंध जोडा, कार्ड पाठवा, वरती आपला रास्त चार्ज लावा. सगळं स्वतःच्याच हाताने करायला हवं असं नाही.

कधी हात लावायचाच नाही

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या नवीन, महागड्या कार्डांपैकी काही ११० अंशापर्यंत तापत होती, फॅन जोरात ओरडत होते. लोकांनी पेस्ट बदलली, कॅबिनेट बदललं, काही उपयोग नाही. शेवटी कंपनीने मान्य केलं की काही कार्डांच्या कुलरच्या आत जे पाणी असायला हवं, ते कमी भरलं गेलंय. आता सांगा, यावर दुकानदार काय करणार? काहीच नाही. उपाय एकच, वॉरंटी.

म्हणून कार्ड उघडायच्या आधी बिल आणि सिरियल नंबर मागा, कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. वॉरंटी असेल तर स्क्रूलाही हात लावू नका. क्लेम भरून द्या आणि त्या मदतीचे पैसे घ्या. हीसुद्धा सर्व्हिसच आहे.

सेकंडहँड कार्डाचंही तसंच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डवर त्याचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर बाजारात आली. त्यांचे फॅन झिजलेले असू शकतात, बायोसही बदललेला असू शकतो. असं कार्ड आलं तर जॉब कार्डवर "जुनं घेतलेलं" असं लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. उद्या वाद नको.

आता पैशाचं बोलू

बरेच जण इथे अडखळतात. "नुसतं तपासायचे पैसे कसे मागू?" मागायचे! डॉक्टर औषध नाही दिलं तरी फी घेतोच ना?

समजा, नवीन कार्ड २०,००० रुपयांचं. ऑनलाइन स्पर्धेत तुम्हाला ४ टक्के सुटले, म्हणजे ८०० रुपये. त्यासाठी वीस हजार अडकले, वर कार्ड खराब निघालं तर धावपळ तुमचीच.

आता समजा, फॅन बदलायचा आहे. फॅन तुम्हाला ९०० ला पडला, बिल केलं १,७०० चं. तुमच्या खिशात तेच ८०० रुपये. पण गिऱ्हाइकाचे वाचले १८,३००! आणि तो पुढच्या वेळी मशीन कोणाकडे आणेल, हे सांगायला नको.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले भाव घालून स्वतः मांडून बघा. पण पद्धत ही ठेवा: तपासणी फी ठरलेली, बोर्डवर लिहिलेली. काम केलं तर फी बिलात वळती. काम नाही केलं तर फी घ्यायची आणि निदानाचा कागद द्यायचा. त्या कागदावर तीन ओळी: काय तपासलं, काय सापडलं, काय करायला हवं. गिऱ्हाईक तो कागद घेऊन दुसरीकडे गेलं तरी चालेल. तो कागदच तुमची जाहिरात आहे.

घाईतल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं

लग्नसराईत संध्याकाळी सात वाजता एडिटिंगवाल्याचा फोन येतो.

"भाऊ, उद्या सकाळी व्हिडिओ द्यायचाय आणि फॅन नुसता बोंबलतोय. मशीन घेऊन येऊ का?"

"दादा, थांबा. स्क्रीन चालू आहे ना? जीपीयू-झेड उघडा, तापमान किती दाखवतंय?"

"बावन्न."

"एक्स्पोर्ट लावून दहा मिनिटांनी परत सांगा."

"...चौसष्ट. तिथेच थांबलंय."

"मग काम करून घ्या. आवाज सहन करा, कार्डाला आज रात्री धोका दिसत नाही. आधी प्रोजेक्टची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. मध्येच स्क्रीन काळी झाली किंवा तापमान ८५च्या वर चढत राहिलं, तर मशीन बंद करा आणि मला फोन करा. उद्या दुपारी घेऊन या."

बघा, या संभाषणात एक रुपयाही आला नाही. पण त्या माणसाची ऑर्डर वाचली. उद्या तो मशीन घेऊन येणारच, आणि बिलावर घासाघीसही करणार नाही. हाच सल्ला सरसकट सगळ्यांना देऊ नका. स्क्रीन काळी होत असेल, जळका वास येत असेल, वायरीचं टोक वितळलेलं दिसत असेल, तर उत्तर एकच: प्लग काढा, मशीन आणा.

सुरुवात कशी कराल?

दुकानाचा गाळा नसला तरी चालेल. बोईसर, पालघर, नवापूर, जिथे असाल तिथे घरातलं एक टेबल पुरे. लागणाऱ्या वस्तू: चांगले स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्ट, एक तपासलेला एसएमपीएस आणि एक जुनं साधं चालू ग्राफिक्स कार्ड. शेवटच्या दोन वस्तू सगळ्यात महत्त्वाच्या. चांगलं सामान लावून बघितल्याशिवाय खराब कोणतं ते कळत नाही.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधी ती करून घ्या. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. एक वही करा. प्रत्येक जॉबची नोंद ठेवा: आवाज कधी सुरू व्हायचा, आकडे काय होते, शेवटी काय निघालं. पन्नास जॉब झाले की तुमच्या भागात काय जास्त बिघडतं ते ती वहीच सांगेल. किनाऱ्याकडून कनेक्टर जास्त येतायत की बाजारातून धुळीचे? त्यावरून ठरवा कोणते फॅन आणून ठेवायचे आणि पावसाळ्याआधी कोणाला सर्व्हिसिंगसाठी फोन करायचा.

आणि हो, रिपेअरिंगच्या धंद्यात पार्ट सगळ्यांकडे मिळतो. मोबाइलवर दोन क्लिक केले की घरपोच येतो. जे घरपोच येत नाही, ते म्हणजे खरं निदान सांगणारा माणूस. तो माणूस तुमच्या गल्लीत तुम्ही व्हा.

आजचा गृहपाठ: स्वतःच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर जीपीयू-झेड टाका, काम नसताना आणि काम चालू असताना तापमान, टक्के आणि आरपीएम वहीत लिहा. चांगल्या मशीनचे आकडे माहीत असले, तरच खराब मशीन ओळखता येतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, शिकत राहा आणि हिशोब लिहीत राहा!